मफलर बघून बसवलेला हीटर

अरे, हीटरवाली जीप अख्ख्या डोंबिवलीत एकच होती, आमच्या बंडूकाकांची. आणि नेमका तिच्यातूनच मी माझ्या स्वतःच्या लग्नाला गेलेलो.

ती डिझेल जीप थंडीत सकाळी सुरूच व्हायची नाही. सुरू होण्याआधी इंजिन गरम करणारा हीटर प्लग गेलेला. लग्नाच्या आदल्या दिवशी काका ती शीळफाट्याच्या मेकॅनिककडे घेऊन गेले आणि एवढंच म्हणाले, "सकाळी फार त्रास होतो रे, हीटर टाक." मेकॅनिकने काकांचा मफलर बघितला, कानटोपी बघितली, आणि मिलिटरीच्या भंगारातला, बर्फात माणसं शेकायचा हीटर आणून सीटखाली बसवला. तोही डिझेलवर चालणारा, इंजिनाच्याच डिझेलच्या पाइपला जोड मारून.

काका ओरडले, "अरे, मी इंजिनासाठी म्हणालो होतो!"

मेकॅनिक म्हणाला, "काका, इंजिनाला कुठे थंडी वाजते?"

सकाळी जीप ढकलून सुरू केली, तसा हीटरही सुरू झाला. त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. कल्याणच्या अलीकडे त्या जोडातून पाइपात हवा शिरली आणि इंजिन बंद पडलं. हीटर चालूच! नवरदेवाने वाटेत उतरायचं नसतं म्हणे. त्यामुळे सुटात नि फेट्यात मी आत शिजतोय, आणि वऱ्हाड बाहेरून जीप ढकलतंय.

मांडवाच्या दारात सासूबाईंनी कुंकू लावायला कपाळाला बोट टेकवलं आणि किंचाळल्या, "अगंबाई, मुलाला ताप आहे!"

मागून काका मफलर सारखा करत म्हणाले, "कानाला बांध म्हणून सांगत होतो. ऐकतो कुठे!"