राखणीची हाक

(पेणजवळचं खाडीकाठचं गाव. सर्वपित्रीचा दुसरा दिवस, रविवारची दुपार. पडवीत ठमाबाई आणि तिची शिक्षिका असलेली लेक रोहिणी. खाडीला भरती चढते आहे.)

ठमाबाई : ते सगळं राहू दे गो. तू काल बांधावर ओरडलीस का नाय, तेवढं सांग.

रोहिणी : तुला कोणी सांगितलं?

ठमाबाई : शेजारच्या मोरूची बायको चिंबोऱ्या पकडायला गेलेली. म्हणते, बाया नि बापये बांधावर ओळीनं बसलेले, डोळे मिटून. तिला वाटलं, कोणाचे दिवस घालतायत का काय.

रोहिणी : मास्तर होते गो सगळे. पेणचे नि रोह्याचे. पर्यावरणाचं शिबिर होतं आमचं, शिक्षकांसाठी. आधी पेणला हॉलमध्ये बसवलं, काल शेवटच्या दिवशी खाडीवर आणलं.

ठमाबाई : आणि डोळे मिटून पर्यावरण दिसतं काय?

रोहिणी : ऐकायचं असतं. डोळे मिटायचे, मूठ धरायची, नवीन आवाज कानावर आला की एक बोट उघडायचं. खंड्या पक्षी ओरडला, एक बोट. चिखलात काही चुळबुळलं, दुसरं बोट. आम्ही शिकायचं, मग शाळेत पोरांकडून करून घ्यायचं.

ठमाबाई : मग बोट उघडायचं सोडून तोंड कशाला उघडलंस?

रोहिणी : आये, चुलीवर एवढं मोठं भगुणं कशाला चढवलंस? ह्या वक्ताला कोण आंघोळ करणार हाय?

ठमाबाई : विषय बदलू नको. शाळेत पोरं अशी बगल देतात तेव्हा सोडतेस काय त्यांना?

रोहिणी : नाय सोडत.

ठमाबाई : मग बोल.

रोहिणी : मला ठाऊकच नव्हतं कुठं नेतायत. बस वळली तेव्हा कळलं. आपल्याच खांडीवर आणून उतरवलं. बांध फुटला तिथंच. शिबिर घेणारे हर्षद सर म्हणतात, बघा मंडळी, केवढं सुंदर कांदळवन! टाळ्या वाजवायला लावल्या.

ठमाबाई : टाळ्या?

रोहिणी : हो.

ठमाबाई : तुझ्या बापसाच्या शेतावर? आणि तू वाजवल्यास?

रोहिणी : हात वर झाले माझे. आवाज नाय आला त्यातून.

ठमाबाई : कांदळवन कसलं, त्या तिवरांनी गिळली आपली शेती. लावणीला वाकले की बांधापलीकडं दिसायची, बोटाएवढी रोपं. आता बघावं तर घराहून उंच. नि तोडायची सोय नाय, लगेच सरकारचा माणूस दारात.

रोहिणी : तिवरांनी नाय गिळली आये. खाऱ्या पाण्यानं गिळली. तिवरं मागाहून आली. आता तीच उभी हायेत म्हणून उधाणाचं पाणी आपल्या पडवीला लागत नाय.

ठमाबाई : हे शिबिरात शिकलीस?

रोहिणी : हे शिबिरात शिकले.

ठमाबाई : पुढं सांग. डोळे मिटलेस. मग?

रोहिणी : पाणी चढत होतं. सगळे गप्प. मी तीन बोटं उघडली असतील, नि तिवरांच्या आतून आवाज आला. माणसाचा.

ठमाबाई : काय म्हणाला?

रोहिणी : तुला माहीत हाय.

ठमाबाई : तुझ्या तोंडानं ऐकू दे.

रोहिणी : केरूऽऽ... आलास का रंऽऽ?

ठमाबाई : तशीच. अगदी तशीच.

रोहिणी : आये? पाणी देऊ?

ठमाबाई : नको. मला वाटायचं, ती हाक फक्त माझीच हाय.

रोहिणी : म्हणजे तू ऐकतेस? कवापासून?

ठमाबाई : बांध फुटला तेव्हाचं तुला काय काय आठवतं?

रोहिणी : भात. बाबाचं ताट तू परातीखाली झाकून ठेवलं होतंस. मी सारखी विचारायची, बाबा कवा जेवणार. तू मला एक धपाटा दिलास.

ठमाबाई : दिला असंल. तू प्रश्नच फार विचारायचीस, म्हणून तर मास्तरीण झालीस. आता ऐक. मोठं उधाण असलं की बांधावर राखण असायची, दिवसा पण, रातची पण. एकाची झाली की दुसऱ्याची. राखणीवाला बांधावरून हाक मारणार, आलास का रं. दुसऱ्यानं वाटेवरून ओ द्यायची, आलो. ओ ऐकल्याबिगर बांध सोडायचा नाय. आणि एकदा ओ दिली की राखण त्याची, मग काय वाट्टेल ते होऊ दे.

रोहिणी : आणि त्या दिवशी बारी केरूकाकाची होती.

ठमाबाई : केरूला कंपनीनं डबल शिफ्टला थांबवून घेतलं, नागोठण्याला. त्याचा तरी काय दोष? नवी नोकरी, नाय म्हटलं असतं तर घरी बसवला असता. निम्मं गाव कंपनीतच जायला लागलं व्हतं. बांधाला माणूस उरला नव्हता, तुझा बापूस नि दोन म्हातारे. तो हाका मारत ऱ्हायला. आख्ख्या गावानं ऐकल्या. जो तो म्हणाला, केरू जाईल.

रोहिणी : आणि तू?

ठमाबाई : मी पण तेच म्हणाले. मी भात रांधत व्हते गो. मग मोठा आवाज झाला नि हाका थांबल्या. पार धरमतरपर्यंत होड्या फिरल्या. पायातली चप्पलसुद्धा नाय मिळाली.

रोहिणी : आणि त्यानंतर...

ठमाबाई : त्यानंतरच्या मोठ्या उधाणाला, पाणी बांधातल्या उघाडीच्या दाराला लागलं आणि हाक आली. तशीच. केरूऽऽ. मी इथंच बसलेले, तांदूळ निवडत. तेव्हापासून दर मोठ्या उधाणाला मी इथं बसते. तुला वाटायचं, आये पाण्याला भिते.

रोहिणी : मला खरंच तसं वाटायचं. आणि गावातली माणसं? त्यांना येतं ऐकू?

ठमाबाई : कोणी कबूल करत नाय. पण त्या वक्ताला बघ, सगळे टीव्ही मोठा करतात.

रोहिणी : थांब, फोन वाजतोय. हर्षद सरच हायेत. स्पीकरवर टाकते, आत रेंज नाय. बोला सर.

हर्षद : नमस्कार रोहिणी मॅडम! रविवारी त्रास देतोय. कालचा फीडबॅक फारच छान आलाय. ते तुम्ही मध्येच 'आले' म्हणून ओरडलात ना, सगळे दचकले. मला वाटलं, तुमचीच काही ॲक्टिव्हिटी आहे.

रोहिणी : नव्हती सर.

हर्षद : असो, लक्षात राहिली सगळ्यांच्या. गंमत म्हणजे रोह्याच्या मृणाली मॅडम म्हणत होत्या, तिवरांत कोणीतरी म्हशीला हाका मारत होतं. त्यांनीही बोट उघडलं होतं. आणखी एकदोघांनी. मला मात्र काहीच ऐकू आलं नाही.

ठमाबाई : म्हशीला!

हर्षद : कोण बोललं?

रोहिणी : आई आहे माझी. बोला तुम्ही.

हर्षद : नमस्कार मावशी. तर मॅडम, मुद्द्याचं. आता दर महिन्याला शिक्षकांची एक तुकडी त्या बांधावर आणायची आहे. त्यांना घेऊन जायला तिथली माहीतगार व्यक्ती हवी. तुम्ही घ्याल का जबाबदारी? आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे मला. तुम्ही नाही म्हणालात तर जागा बदलतो, दुसरीकडची खाडी बघतो.

ठमाबाई : मास्तर, एक विचारू? ती जागा कोणाची हाय?

हर्षद : संरक्षित कांदळवन आहे मावशी.

ठमाबाई : आणि त्याच्या आधी काय व्हतं तिथं?

हर्षद : आधी... खाडीच असणार ना.

रोहिणी : शेती होती, सर. आमची. बांध फुटला तेव्हा माझे वडील बांधावर राखणीला होते. ते सापडले नाहीत.

हर्षद : मॅडम... तुम्ही काल काहीच बोलला नाहीत.

रोहिणी : टाळ्या चालू होत्या.

हर्षद : माफ करा. मावशी, तुम्हीही माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं. मी जागा बदलतो, लगेच.

रोहिणी : नको सर, इतक्यात बदलू नका. मी कळवते तुम्हाला.

हर्षद : ठीक आहे. ठेवतो.

ठमाबाई : वाईट नाय गो पोरगा. माझी पण माफी मागितली त्यानं.

रोहिणी : आये, मी भ्यायलेय. काल मी विचार केला नाय काही. हाक आली नि तोंडातून निघून गेलं, आले. लहानपणी तू परसातून हाक मारलीस की निघायचं, तसंच. आता तू सांगतेस, ओ दिली त्याची राखण. मग माझी झाली काय?

ठमाबाई : झाली.

रोहिणी : म्हणजे काय होणार मला?

ठमाबाई : काय माहीत. ह्याच्या आधी कोणी ओ दिलीच नाय.

रोहिणी : तू का नाय दिलीस? एवढी वर्षं इथं बसून ऐकलंस. बायांनी राखणीची ओ द्यायची नसते म्हणून?

ठमाबाई : बायांना काय धाड भरते! मी भारे बांधलेत त्या बांधावर, मातीच्या पाट्या टाकल्यात.

रोहिणी : मग?

ठमाबाई : मग काय? एवढी शिकलीस नि एवढं कळत नाय तुला? ओ मिळाली असती तर तो गेला असता! हाक मारायचं कारणच संपलं असतं. काल सर्वपित्री झाली, साऱ्या गावानं कौलावर पितरांची वाडी ठेवली, कावळे बोलावले. मी कवा ठेवली काय? हाक मारणाऱ्या माणसाला वाडी ठेवतात काय? माझं नावसुद्धा नव्हतं त्या हाकेत, केरूचं व्हतं. तरी मी अमावास्या-पुनव मोजत बसायचे. तेवढाच आवाज व्हता माझ्यापाशी. आणि तू आलीस तुझं ते शिबिर घेऊन, नि एका शब्दात देऊन टाकलास.

रोहिणी : आये...

ठमाबाई : हात लावू नको मला. राग आलाय तुझा. काल रातभर आला, अजून हाय.

रोहिणी : असू दे. येऊ दे राग.

ठमाबाई : ...पहाटे मनात आलं, दमला असंल गो तो. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं म्हणजे पाय कसे पांढरे पडतात, मी बघितलेत. राखणीवरून आला की पहिलं म्हणायचा, पाणी तापलं का.

रोहिणी : म्हणून भगुणं चढवलंस.

ठमाबाई : उगीच चढवलंय. कशाला बघतेस अशी? येडी झाली नाय मी. पाणी कुठवर आलं, बघ जरा उठून.

रोहिणी : उघाडीच्या दाराला लागलंय.

ठमाबाई : बस इथं. गप्प बस. ते तुमचं कसं करतात, मूठ धरायची?

रोहिणी : अशी. आता डोळे मीट. नवीन आवाज आला की एक बोट.

ठमाबाई : खंड्या.

रोहिणी : व्हय. मला पण.

ठमाबाई : मोरूचा टीव्ही.

रोहिणी : व्हय.

ठमाबाई : बार्ज चाललं, धरमतरकडं.

रोहिणी : व्हय.

ठमाबाई : चुलीवरचं पाणी. उकळी फुटली.

रोहिणी : ते मी नव्हतं ऐकलं. आता आलं.

ठमाबाई : आता बोलू नको.

रोहिणी : ...

ठमाबाई : ...

रोहिणी : आये, टीव्ही बंद झाला.

ठमाबाई : व्हय. ऐकतायत मेले. आज सगळे ऐकतायत.

रोहिणी : तुला आलं काही?

ठमाबाई : नाय. तुला?

रोहिणी : नाय.

ठमाबाई : एकच बोट ऱ्हायलं बघ माझं. मिटलेलं. कसं मिटून बसलंय.

रोहिणी : आण इकडं हात. रड की गो आये. रड.

ठमाबाई : पाणी उतरायला लागलं?

रोहिणी : लागलं. दाराची ओली रेघ दिसतेय.

ठमाबाई : म्हणजे गेली वेळ. आता नाय येणार हाक.

रोहिणी : मी नव्हती द्यायला पाहिजे ओ.

ठमाबाई : गप्प. कोणी तरी द्यायलाच पाहिजे व्हती, त्याच दिवशी. ऊठ. भगुणं उतरव नि न्हाणीत नेऊन ठेव, वाफ निघतेय तोवर. टॉवेल खुंटीवर हाय, तो निळा.

रोहिणी : दार लावून घेऊ?

ठमाबाई : उघडंच ठेव. ओल्या पायांनी येईल, येऊ दे. सारवीन मी परत.

रोहिणी : आणि मी काय करू?

ठमाबाई : तू काय करशील? राखण तुझी हाय ना आता? बांधावर जा, एक फेरी मारून ये. त्या मास्तरला कळव, महिन्याला आण म्हणावं सगळ्यांना. पण टाळ्यांच्या आधी त्यांना सांग, इथं कोण उभा व्हता. नाव घेऊन सांग.

रोहिणी : जनू.

ठमाबाई : मला कशाला सांगतेस? मी घेत नाय ते नाव. त्यांना सांग.

रोहिणी : सांगीन. जाते मी आये.

ठमाबाई : येते म्हणावं. आणि ऐक गो, तिथं जाऊन हाका मारत बसू नको इतक्यात.

रोहिणी : का?

ठमाबाई : त्याला जरा निजू दे.