सोडा म्हणायला यांचं काय जातंय!

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्ही बाण सोडत का नाही?" सोडत का नाही! तुम्हाला सांगतो, उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काढलेला माणूस मी, एखादी मोडकी फ्रेम टाकून द्यायची तरी माझा हात धजावत नाही, आणि ही कालची पोरगी, कोच म्हणे, भर मैदानात ओरडते, "सोडा, काका, सोडा!" सोडा म्हणायला यांचं काय जातंय!

मुळात मी धनुर्विद्या शिकायला गेलोच नव्हतो हो! हौस बायकोची. या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात, हिनं धनुष्य आणलं. डावखुरी ना, म्हणून डावखुरं, खास मागवलेलं. राज्य स्पर्धेत उतरायचं आणि एक, फक्त एक बाण मधल्या पिवळ्या गोलात मारायचा, एवढाच ध्यास. स्पर्धा तोंडावर आली आणि ही... गेली. दुपारी चहा टाकते म्हणाली आणि गेली. चहा मीच उतरवला.

तर मी क्लबात गेलो ते तिच्या कपाटाची किल्ली परत द्यायला. एवढंच काम! तिथे संघटनेचे सेक्रेटरी मला बघून उठलेच, "या, या! साठीच्या पुढचे ना? अहो, आपल्या अख्ख्या राज्यात पुरुषांच्या या गटात एक माणूस नाही! निवड झाली तुमची!" म्हटलं, अहो, ही किल्ली... "ठेवा की, लागेल!" कोच म्हणाली, "काका, हात लांब करून बोट त्या खांबावर धरा. आता एकेक डोळा मिटून बघा. बोट कुठल्या डोळ्याला जागेवर दिसतं?" डाव्या. "मग झालं! हात उजवा असला तरी नजर डावी आहे तुमची. काकूंचं धनुष्य चालेल." दुनियेचे डोळे तपासले मी, आणि माझाच डोळा बायकोला सामील!

उजव्या हातात धनुष्य धरलं, डाव्यानं दोरी ओढली, हनुवटीला टेकवली... आणि कानाशी, अगदी कानाशी, "अहो, कोपर वर."

हसू नका. मीही आधी वळून बघितलं. मागे कोण? पाण्याची टाकी. पुन्हा ओढली. "कोपर म्हटलं ना! आणि दात कशाला आवळताय?" तीच हो! दुकानाचं कुलूप ओढून बघितलं का विचारायची ना, तोच सूर! आणि गंमत बघा, दोरी ताणलेली असेपर्यंतच बोलते. बाण सुटला की गप्प. अशी गप्प की आमचं स्वयंपाकघर आठवतं. मग सांगा, सोडेल कोण? मी आपला धरून ठेवतो. दंड थरथरतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि ती निवांत, "निळ्या शर्टाचं बटण शिवणाच्या डब्यात आहे." घरी जाऊन बघतो तर असतं! अंगावर काटा येतो हो, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर पहिला मी. भीती वाटते, पण ती नाही बोलली तर, याची जास्त वाटते. आणि मागून कोचबाई, "सोडा!" सोडा म्हणायला यांचं काय जातंय!

आली स्पर्धा. एकामागून एक बाण मी धरून ठेवतोय, वेळ संपतेय, शिट्टी वाजतेय, शून्य! शून्य! शेवटच्या बाणाला कोच जवळ आली, हळूच म्हणाली, "काका, काकूंचा पिवळा राहिलाय. तोही शून्यातच घालवणार?"

ओढली दोरी. "अहो," ती म्हणाली, "पुरे आता. सोडा."

तूसुद्धा? मी म्हटलं, "सोडलं की तू बोलायची थांबतेस!" मोठ्यानं म्हटलं हो! शेजारचा खेळाडू असा दचकला की त्याचा बाण गेला गवतात. पंच माझ्याकडे बघतायत, सेक्रेटरींनी डोक्याला हात लावलाय, आणि ही, "सोडा म्हणते ना!" आयुष्यभर हिच्यापुढे माझं काही चाललंय?

सोडला.

पिवळ्यात! अगदी मधोमध! कोच नाचतेय, सेक्रेटरी ओरडतायत, "राज्यात पहिले! राज्यात पहिले!" गटात मी एकटा, पहिला नाहीतर काय होणार? आणि माझ्या कानात... काही नाही. चालत गेलो निशाण्यापर्यंत. रडत होतो, लपवत नाही. म्हटलं, संपलं. आता घरी जायचं, आपला चहा आपण टाकायचा. बाणाला हात घातला, ओढला...

"अहो, वाकडा नका ओढू, मोडेल तो! आणि दुसरा हात निशाण्याला टेकवा की!"

तुम्हाला सांगतो, मी सोडलं हो. पंचांसमोर, सगळ्यांसमोर सोडलं. हिनं कुठे सोडलंय!