सरकार पडलं ओटावात

...भांडा हो, भांडायला कोण नको म्हणतंय? पार्लमेंट काढलीय कशाला मग, आरत्या म्हणायला? पण भांडायचं तर एकदाचं भांडा, एकानं पडा, एकानं उभं राहा आणि मोकळे व्हा. हे काय, की हा पडत नाही, तो उभा राहत नाही, आणि तिसरा म्हणतो मी दोघांनाही धरून ठेवतो, पण उद्यापर्यंतच... आणि ह्या सगळ्यात समुद्रापलीकडे बसलेल्या एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय, ह्याचा त्यांच्यातल्या एकानं तरी विचार केला? तुम्हाला सांगतो, आमच्या श्रीरंग बेहेऱ्याचं त्रेसष्ट साल कॅनडाच्या पुढाऱ्यांनी खाल्लं. भारताच्या नव्हे, जर्मनीच्याही नव्हे, कॅनडाच्या. ज्या देशात त्यानं कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. भांडण ओटावात, आणि हा लुडविग्सहाफेनात.

आता हा तिथे कसा? तर नाशिकचा मुलगा, रसायनशास्त्रातला हुशार, जर्मनीत कार्ल्सरूहला डॉक्टरेट केली आणि तिथल्याच लुडविग्सहाफेनच्या एका रंगाच्या कारखान्यात हंगामी लागला. हंगामी का? तर कायमचं कॅनडात जायचं ठरलं होतं. तिथल्या राजधानीतल्या, ओटावाच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं त्याला निवडलं होतं, मार्चमध्ये या म्हणाले होते. बायको सुधा नाशिकला. लग्न करून हा पंधरवड्यात परत आलेला, तेव्हापासून संसार टपालानं चाललेला. बेत असा की तिनं मुंबईहून निघायचं, यानं इथून, आणि दोघांनी ओटावात बिऱ्हाड मांडायचं. सुधानं शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला. शाळेनं निरोप समारंभ केला, हार, नारळ, शाल. तिचे वडील आत्मारामपंत, नगरपालिकेत दोनदा निवडून आलेले. ते सराफ बाजारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, 'जावईबापूंना कॅनडा सरकारनं बोलावून घेतलंय.' जसं काही कॅनडा सरकार दारात पाट मांडून बसलंय.

आणि फेब्रुवारीत ते सरकारच पडलं.

म्हणजे कसं पडलं बघा. अमेरिकेकडून त्यांनी रॉकेटं घेऊन ठेवली होती, पण त्यांच्या टोकाला अणुबाँब बसवायचा की नाही हे ठरत नव्हतं. पंतप्रधान, ज्यांना श्रीरंग 'थोरले' म्हणायचा, ते म्हणायचे बघू. विरोधी पक्षनेते, म्हणजे 'धाकटे', आधी म्हणायचे मुळीच नको, मग एके दिवशी म्हणाले हवाच. मग थोरल्यांचा संरक्षणमंत्रीच राजीनामा देऊन निघाला, ज्या छोट्या तिसऱ्या पक्षाच्या आधारावर थोरले उभे होते त्यानं हात काढला, अविश्वासाचा ठराव आला, सरकार आडवं. प्रयोगशाळेच्या संचालकांनी कळवलं, माणूस मोठा सभ्य, की नवं सरकार येऊन मंजुरी देईपर्यंत सगळ्या नेमणुका थांबल्या आहेत, तरी कृपया धीर धरावा.

धीर धरावा! कुठे धरावा? फ्राउ केसलरच्या पोटमाळ्यावर? तिथे धीर सोडा, पाण्याचा पेला धरवत नव्हता, पाणी गोठायचं. त्या हिवाळ्यात ऱ्हाइनमधून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या, आणि हा अंगावर दोन स्वेटर चढवून रेडिओला कान लावून बसलेला.

फ्राउ केसलर म्हणजे घरमालकीण. नवरा रशियाच्या आघाडीवरून परतला नाही. बाई कडक पण मनानं चांगली. तिची मुलगी हानेलोरे हिनं एका कॅनेडियन सार्जंटशी लग्न केलेलं. टॉम त्याचं नाव, त्स्वाइब्र्युकेनला कॅनडाचा लष्करी विमानतळ होता तिथे असायचा, आणि दर रविवारी सासूकडे कॉफीला यायचा. झालं, श्रीरंगला आयता कॅनडा मिळाला. टॉम दारातून टोपी काढतोय तोच हा विचारायचा, 'काय म्हणतात थोरले?'

टॉम खुर्चीत पसरायचा आणि म्हणायचा, 'डॉक्टर, आम्हाला नवी विमानं दिली आहेत. त्यांच्या पोटाखाली काय लटकवायचं ते दिलेलं नाही. मी रोज ती पुसतो. तू मला विचारतोस?'

फ्राउ केसलर याला 'हेर डॉक्टर' म्हणायची, हेर म्हणजे आपलं श्रीयुत. एकदा केक कापता कापता म्हणाली, 'आमच्याकडेही एकदा असंच होतं, हेर डॉक्टर. आज हे सरकार, उद्या ते. मग एकजण आला, म्हणाला, मी हे कायमचं मिटवतो.' आणि सुरी पुसत म्हणाली, 'मिटवलं त्यानं.' खिडकीतून समोरची मोकळी जागा दिसत होती, तिथे युद्धापूर्वी अख्खी आळी होती म्हणे. श्रीरंगनं त्या दिवशी तरी थोरल्या-धाकट्यांना शिव्या दिल्या नाहीत. भांडतायत तर भांडू देत, म्हणाला. पण सोमवार उजाडला की पुन्हा रेडिओला कान, कारण तुम्हीच सांगा, भांडण ओटावात आणि हा लुडविग्सहाफेनात, करायचं काय ह्यानं?

परदेशी लोकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायला गेला. तिथला साहेब चष्म्यावरून बघत, 'तर, आपण कॅनडाला जाणार होतात.'

'हो.'

'मग गेला का नाहीत?'

'तिथलं सरकार पडलं.'

'ते आपल्यावर पडलं का?'

'हो' म्हणावं तर खोटं नाही. साहेबांनी थोडी मुदत दिली, आणि शिक्का असा मारला की जणू अविश्वासाचा ठराव.

त्यात कारखान्यातले डॉक्टर रॉयटर, याचे वरिष्ठ. सरळ माणूस. म्हणाले, 'हेर बेहेरे, माझ्याकडे कायमची जागा आहे. ईस्टरच्या आत सांगा. हो की नाही?' श्रीरंग म्हणाला, 'एप्रिलमध्ये ओटावात निवडणूक आहे, तेवढी होऊ दे.' रॉयटरना वाटलं, हा उभा आहे की काय.

आणि तिकडे नाशिक! सुधाचं पत्र आलं. तक्रार नाही हो, तिचा तो स्वभावच नव्हे. सहज लिहिलेलं, की हल्ली मी भाजीला मागच्या बोळातून जाते, मेनरोडनं गेलं की लोक 'अजून इथेच?' विचारतात, आणि शाळेतल्या बाईंनी दिलेली शाल ट्रंकेत ठेवलीय, घराबाहेर घालायला लाज वाटते. एवढंच. पण श्रीरंगला त्या ओळी वाचून जेवण जाईना. त्याखाली आत्मारामपंतांचा मजकूर वेगळा: 'चि. श्रीरंगराव यांसी अनेक आशीर्वाद. तिसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याला गाठावे. आमच्या वॉर्डात असेच झाले होते, तेव्हा आम्ही त्यास उपाध्यक्षपद देऊन मिटविले.' आता हा कुठून देणार उपाध्यक्षपद? ह्याच्याकडे पोटमाळा होता, तोही भाड्याचा.

पण सासऱ्याचं म्हणणं डोक्यात घुसलं खरं. कारण टॉम म्हणाला, आम्हा सैनिकांचं मतदान इथे जर्मनीतच होणार. श्रीरंगचे डोळे चमकले. टॉमच्या मुलाच्या वाढदिवसाला फ्राउ केसलरबरोबर हाही त्स्वाइब्र्युकेनला गेला, सुधानं पाठवलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. टेबलाभोवती टॉम आणि त्याचे तीन दोस्त. श्रीरंगनं डबा मध्ये ठेवला आणि नाशिकच्या वॉर्डात उभा असल्यासारखा सुरू झाला. 'बंधूंनो, मी कुणाच्याही पक्षाचा नाही. थोरल्यांना द्या, धाकट्यांना द्या, पण सगळे मिळून एकालाच द्या. मला फक्त बहुमत हवंय. कुणाचंही.'

टॉम म्हणाला, 'ठीक आहे, मी धाकट्यांना.'

कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातला, प्रेअरीतला, एक गहूवाल्याचा मुलगा म्हणाला, 'धाकट्यांना? माझ्या बापाचा गहू थोरल्यांनी चीनला विकून दिला. मी थोरल्यांना.'

क्वेबेकचा एक होता, तो म्हणाला, 'दोघंही आमचे नाहीत. मी तिसऱ्यांना.'

चौथा, चष्मेवाला, आतापर्यंत शंकरपाळेच खात होता. तो म्हणाला, 'मी कामगारवाल्यांना. कारण मला बाँबच नको.'

मग जी जुंपली... गहूवाला उठला, क्वेबेकचा फ्रेंचमध्ये बोलायला लागला, चष्मेवाल्याची कॉफी टेबलावर सांडली, हानेलोरेनं केक उचलून आत नेला. शंकरपाळे संपले. चार माणसांच्या टेबलावर कुणालाच बहुमत नाही, तुम्हाला सांगतो, तिथेच श्रीरंगला कळलं की एवढ्या मोठ्या देशाचं काय होणार. परतीच्या गाडीत फ्राउ केसलर म्हणाली, 'पण खाऊ छान होता.'

आणि तसंच झालं. एप्रिलचा निकाल: धाकटे पुढे, पण काठावर, बहुमत नाही. त्या तिसऱ्या पक्षातल्या सहा जणांनी लिहून दिलं की आमचा पाठिंबा धाकट्यांना. श्रीरंगनं आनंदानं रॉयटरना सांगितलं, झालं सरकार. लगेच त्या सहांतलेच काही म्हणाले, आम्ही तसं म्हटलंच नव्हतं. हा पुन्हा रॉयटरांकडे, 'जरा थांबा.' मग थोरलेच उठले आणि पायउतार झाले, धाकटे बसले. हा पुन्हा धावत गेला. रॉयटर म्हणाले, 'हेर बेहेरे, ईस्टर झाला. ती जागा मी डार्मश्टाटच्या एका मुलाला दिली.' आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, श्रीरंगला भांडता तरी आलं असतं.

सरकार आलं, पण मंजुरी? संचालकांनी कळवलं, अर्थसंकल्प होऊ द्या. जूनमध्ये अर्थसंकल्प आला, तर त्यातल्या एका करावरून असा गदारोळ की मंत्र्यांना तो मागे घ्यावा लागला. नेमणुका पुढच्या सूचनेपर्यंत थांबल्या. कृपया धीर धरावा. त्या संध्याकाळी श्रीरंग ऱ्हाइनच्या काठावर जाऊन बसला. कोळशानं भरलेल्या नावा एकामागून एक निघाल्या होत्या, कुणालाही न विचारता. त्याला वाटलं, पुढाऱ्यांनी वाट बघायला लावली हे खरं, पण सुधाला वाट बघायला लावली ती मी. ते भांडत होते, आणि मी त्यांच्या भांडणाकडे बोट दाखवत होतो. एवढं कळलं, पण कळून करायचं काय, ते काही सुचेना. भांडण ओटावात आणि हा लुडविग्सहाफेनात.

सुचलं ते सुधाला. जुलैत तिचं पत्र, चार ओळींचं: 'अहो, कॅनडाचं सरकार राहो नाहीतर पडो. मी बाबांना सांगून इटलीतल्या जिनोव्हाच्या बोटीचं तिकीट काढलं आहे. तिथून आगगाडीनं येईन. तुम्ही जिथे असाल तिथे. तेवढा पत्ता बदलू नका.'

श्रीरंग दुसऱ्याच सकाळी रॉयटरांच्या दारात. 'जागा हवी. कुठलीही.' एक खालची जागा होती, कापडाला रंग नीट चढतो का ते दिवसभर तपासायचं. डॉक्टरेटवाल्याचं काम नव्हे, रॉयटरांनीच दोनदा सांगितलं. यानं सही केली.

नदीपलीकडच्या मानहाइमच्या स्टेशनावर गाडी आली. सुधा उतरली, तीच शाल अंगावर. उन्हाळ्याचे दिवस, तरी शाल. दीड वर्षांनी नवराबायको समोरासमोर, आणि श्रीरंग म्हणाला काय, तर 'धाकट्यांना अजून बहुमत नाही.'

सुधा म्हणाली, 'असू दे. ही पिशवी धरा.'

फ्राउ केसलरनं पोटमाळ्याऐवजी खालची खोली दिली. आणि मग, थंडी पडता पडता, ओटावाची तार. मंजूर. जागा मंजूर. या. श्रीरंग तार घेऊन जिना उतरत आला. सुधाला तेव्हा दिवस गेलेले, ती फ्राउ केसलरकडून लोकरीचे टाके शिकत बसलेली.

'जायचं?' तो म्हणाला.

तिनं सुया खाली ठेवल्या. 'हे सरकार किती दिवस टिकेल हो?'

रविवारी टॉमला विचारलं. टॉमनं खांदे उडवले. 'डॉक्टर, बाळाचं नाव ठेवेपर्यंत टिकलं तर खूप.'

सुधा म्हणाली, 'मग बाळाला घेऊन मी पुन्हा मागच्या बोळातून फिरायचं?' रडली नाही, रागावलीही नाही. सरळ विचारलं. श्रीरंग कोट घालून गेला आणि 'येता येत नाही, क्षमस्व' अशी तार करून आला. इतके महिने ज्याची वाट बघितली ते दार स्वतःच लावायचं, गंमत नाही हो. आत्मारामपंतांनी जावयाशी सहा महिने अबोला धरला. सराफ बाजारात तोंड दाखवणं त्यांनाच जड झालं असणार.

मुलगी झाली, शुभा. रंग तपासता तपासता श्रीरंग हळूहळू वर सरकला, फार वर नाही. आणि पासष्टच्या नोव्हेंबरात कॅनडात पुन्हा निवडणूक. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? धाकटे पुन्हा पुढे, पुन्हा काठावर, पुन्हा बहुमत नाही. श्रीरंग स्वयंपाकघरात रेडिओशी उभा, चेहरा असा की हसावं की रडावं. म्हणाला, 'सुधा, ऐकलंस, थोरले काय म्हणतायत...'

'अहो, बटाटे आणताय ना?'

'एक मिनिट, आकडे...'

'पापा, कार्टोफेल्न,' दीड वर्षांची शुभा बोबडं म्हणाली. मराठी तिला कळायचं, पण बटाट्याला तोंडात शब्द जर्मनच.

मग काय, पिशवी घेतली आणि निघाला. ओटावातलं सरकार कधी बसेल, कधी उठेल, ते त्यांचं त्यांना माहीत. पण जर्मनीतलं दुकान वेळेवर बंद होतं, आणि उद्या रविवारची सुट्टी.