बाभळीखालचं पाणी

सांगते ऐका, सांगोल्याकडच्या माळावर मैत्रिणीच्या खोलीत आम्ही नवरा-बायको राहायला गेलो होतो. वीज नाही, रेंज नाही. दुसऱ्याच दिवशी पाण्याचा ड्रम लवंडला. आता काय, म्हणत कोरड्या ओढ्यात बाभळीखाली बसलो. कालपासून आमची बैठक तिथंच होती. आणि कालपासूनच एक मेंढपाळ मामा लांबून टक लावून आमच्याकडे बघत होते. मला राहवेना.

"मामा, एवढं काय बघताय?"

"जरा उठता का, बाई?"

उठलो. मामांनी चटई सारून हातभर वाळू उकरली, तर खाली पाणी! मेंढरं धावलीच.

"अहो, काल का नाही बोललात?"

"काल लांब नेऊन पाजली की. पावन्यास्नी उठा कसं म्हनायचं?"