बस म्हणजे डोकं

मेलो नाही हो मी! हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला सलाम करायच्या आधी हेच सांगावं लागतं. परवा बाजारात कांदे घ्यायला गेलो, तर कांदेवाली मला बघून किंचाळली आणि पाटीसकट मागे पडली... अगं बाई, म्हटलं, मी अजून आहे, कांदे उचल! आता तुम्हीच सांगा, माणसानं ऐंशीच्या घरात येऊन, आपण जिवंत आहोत हे गावभर सांगत फिरायचं? आणि कशापायी? तर एका शब्दापायी. बस! दोन अक्षरं हो, फक्त दोन!

हसू नका. या दोन अक्षरांनी माझा जन्म खाल्लाय. आमच्या कझाक भाषेत बस म्हणजे डोकं. माणसाचं डोकं, मेंढीचं डोकं, घरातला कर्ता तोही घराचा बसच. इथवर ठीक आहे. पण आमच्या सैरामच्या बाजूला एका भाषेवर भागतंय होय? एका गल्लीत कझाक, पलीकडे उझबेक, त्यांच्या पाठीमागे ताजिक, दवाखान्यात गेलं की रशियन... आणि प्रत्येकाच्या तोंडात हा शब्द आहेच! कुणी लांबवतो, कुणी आखडतो, आणि अर्थ मात्र ज्याचा त्याचा!

फौजेत असताना एका रशियन सुभेदारानं आम्हाला रांगेत उभं करून गायला लावलं. माझा आवाज ऐकला, बोट रोखलं आणि गरजला, "तू! बस!" मी छाती फुगवली ना! वाटलं, वा, आल्याआल्या मला टोळीचा मुख्य केला. शेजारच्याला तिथल्या तिथे हुकूम सोडला, "ए, माझे बूट पुसून ठेव." त्यानं बूट उचलला खरा, पण फेकून मारायला! रशियनांत बस म्हणजे खर्जातला जाड आवाज. झालं, पुढे घरी परत येईपर्यंत मागच्या रांगेत उभा राहून नुसता 'ओऽऽऽ' करत होतो, बैलासारखा.

बरं, घरी आलो, लग्न केलं, कापसाचा ट्रक चालवायला लागलो. आमच्याच भाषेत या मेल्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दाब! पाय दे! एकदा कालव्याच्या काठावर ट्रक मागे घेतोय, मागे माझा मेहुणा फरहोद उभा, हात हलवतोय आणि ओरडतोय, "बस! बस! बस!" ताजिक माणूस तो, त्यांच्यात बस म्हणजे पुरे. मी दिला पाय... कापूस कालव्यात आणि मेहुणा कापसावर! वर येऊन मलाच म्हणतो, "बस म्हटलं ना मी!" अरे, म्हणालास म्हणून तर दाबला!

त्याची बहीण म्हणजे आमची सानोबर. लग्न झाल्यापासून तिनं मला दुसरा शब्द ऐकवला असेल तर शपथ. लोणी घेतलं, बस! चहाचा दुसरा प्याला ओतला, बस! काही सांगायला तोंड उघडलं, की बस! आणि आता माडीवर एक भाडेकरू मुलगी आलीय, डॉक्टरकी शिकायला. तुमच्याच बाजूची हो, लातूरची. प्रणिता. पोरगी गुणाची, पण पहिल्याच दिवशी आमच्या कुत्र्याला म्हणाली, "बस!" कुत्रा कझाक! तो आपला माझ्या डोक्याकडे बघत उभा. तुमच्यात म्हणे बस म्हणजे खाली टेकणं... आणि पुरे... आणि वर ती रस्त्यानं धावते ती मोटारसुद्धा! धन्य आहे तुमची.

पण हे सगळं परवडलं हो. शब्दानं फार तर कापूस भिजतो. या वेळी मला मारलं ते शब्दानं नाही, खऱ्याखुऱ्या बसनं. शिजवलेल्या. मेंढीच्या.

आता आमच्यात मेंढीचं डोकं कुणाच्याही पुढे ठेवत नाहीत. पंगतीत सगळ्यांत मानाचा जो, त्याच्यापुढे ते येतं, तो सुरी घेतो, कापतो आणि एकेकाला वाटतो. कान पोरांना, का, तर मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. पण ज्याचा बाप जिवंत आहे, त्यानं त्या सुरीला हात लावायचा नाही! कितीही मोठा असो, हात जोडून म्हणायचं, "वडील आहेत," आणि ताट पुढे सरकवायचं. हे आमच्याकडे दूध पितं पोरही जाणतं. म्हणजे उद्या एखाद्यानं सुरी हातात घेतली, तर बघणारा काय समजेल? काय समजेल, सांगा ना!

आमचा थोरला तोक्तार. गेल्या महिन्यात ताराझला गेला, त्याच्या लेकीचं, मेरुएर्तचं, लग्न ठरवायला. तिथे व्याह्यांनी मान म्हणून डोकं त्याच्यापुढे ठेवलं... आणि माझ्या लेकानं सुरी उचलली. उचलली आणि कापलं! कानबिन वाटले! आणि पंगतीत नेमका कोण बसलेला? तर आमच्या शेजारच्या दुइसेनचा जावई!

इकडे मला काय कल्पना? सकाळची वेळ, अंगणात जर्दाळूच्या झाडाला आरसा अडकवून दाढीला साबण लावतोय. तेवढ्यात फाटक उघडलं आणि आत कोण, तर दुइसेन, हातात काठी, मागे अख्खी गल्ली, आणि सगळे मोठ्यानं रडतायत. "ओय बाऊरिमऽऽ! माझ्या भावा रेऽऽ!" आता असं रडत कुणी दारात आलं, की आमच्यात 'काय झालं' म्हणून विचारत नाहीत, आधी गळ्यात पडून रडायचं. म्हटलं, आपल्या घरातलं कुणीतरी गेलं... आणि घराबाहेर कोण आहे? तोक्तार! ताराझचा रस्ता, घाटातले ते ट्रक... माझा तोक्तार गेला! मी जो हंबरडा फोडला म्हणता! तोंडाला साबण तसाच, दुइसेनच्या गळ्यात पडलो आणि ओक्साबोक्शी रडायला लागलो. तो माझ्यासाठी रडतोय, मी लेकासाठी रडतोय. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या तोंडावर फेस, त्याला कुठला ओळखू येतोय मी!

आणि रडता रडता तो काय म्हणतो, "काय माणूस होता आमचा ओरिनबाय! चिकट होता, पण मनानं वाईट नव्हता!"

मी रडायचा थांबलो. म्हटलं, "होता?"

"होता म्हणजे होता! तुम्ही कोण, ताराझचे पाहुणे का?"

"अरे आंधळ्या, मीच ओरिनबाय! आणि चिकट कुणाला म्हणतोस?"

तुम्हाला सांगतो, माणूस जिवंत निघाला तर लोकांना आनंद व्हावा की नाही? एकेकाची तोंडं अशी पडली, जशी काही मी फसवणूकच केली होती! कुणी म्हणे, भूत आहे. कुणी म्हणे, तोक्तारनं डोकं कापलं ते काय उगाच? ही प्रणिता माडीवरून धावत आली, माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत उभी राहिली, आणि सगळी गल्ली श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघतेय! मीसुद्धा बघतोय हो... सकाळपासून इतक्यांनी सांगितलं होतं, माझाही भरवसा उडाला होता. शेवटी ती म्हणाली, "आहेत आजोबा." तर मागून एक म्हातारी, "नीट बघ गं पोरी!"

तेव्हा मला सगळं कळलं. तोक्तारनं सुरी धरली. आणि खरं सांगू? सगळ्या गल्लीनं मारलं त्याचं काही वाटलं नाही, पण पोटच्या पोरानं आपल्याला मनातून पोचवून टाकलंय, हे लागलं हो. फार लागलं. सानोबरनं खाट पुढे ओढली, प्रणिता म्हणाली, "बसा आजोबा, बसा," आणि मी बसलो. तेवढा एक शब्द त्या दिवशी बरोबर वेळेवर आला.

पण दुःख करायला तरी फुरसत हवी ना? अंगणात माणूस मावत नाही, कुणी कुणी दूरच्या गावाहून आलेले. त्यांना काय उपाशी परत धाडायचं? शत्रूलासुद्धा आम्ही तसं धाडत नाही. म्हणजे मेंढी कापायला हवी. म्हणजे काय झालं बघा... स्वतःच्या मर्तिकाची मेंढी मी स्वतः निवडली! दुइसेन म्हणतो, "ही नको, ती घे, ती गुबगुबीत आहे. एवढा मोठा माणूस गेला..." आणि मग जीभ चावली.

मेंढी शिजली, सगळे गालिच्यावर बसताहेत, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. तोक्तार! लग्न ठरवून आलेला, दोन्ही हातांत मिठाईचे डबे. त्यानं काय पाहिलं? फाटकावर काठ्या टेकलेल्या, अंगणभर म्हातारे, चुलीवर मोठी कढई. डबे हातातून गळून पडले. "बाबाऽऽ!" असा ओरडत सुटला हो, की कुत्रासुद्धा पलंगाखाली गेला. रडतोय, छाती बडवतोय, "मी मारलं त्यांना! मी हात लावला म्हणून गेले!" आणि जो पहिला म्हातारा आडवा आला त्याच्या गळ्यात पडला. तो म्हातारा मीच.

मी त्याला तसाच रडू दिला. लबाडी म्हणा हवं तर. पण आपल्यासाठी पोरगं कसं रडतं, हे बघायला कुणाला मिळतं? मिळालंय तर बघून घ्यावं म्हटलं. चांगला रडला हो. मनापासून रडला. सकाळी मी त्याच्यासाठी रडलो होतो ना, अगदी तस्साच.

मग म्हटलं, "पुरे. खांदा भिजला माझा."

पांढराफटक पडला. मला चाचपून बघितलं, मग खाली मान घालून बसला. मी विचारलं, "का रे बाबा? मी असा काय जड झालो होतो तुला?"

तर म्हणाला, "बाबा, साठी झाली माझी. केस गेले, गुडघे गेले. माझ्याबरोबरची सगळी कधीची सुरी धरतायत. मी आपला प्रत्येक कार्यात हात जोडून म्हणतो, 'वडील आहेत.' लोक म्हणतात, 'अरे वा, अजून?' आणि मला खाली पोरांच्या रांगेत सरकवतात. तुम्ही शंभर वर्षं जगा हो... पण तिथं समोर डोकं आलं, गरम, वाफ येतेय, आणि व्याही म्हणाले, 'घ्या ना तोक्तारआका.' दादा म्हणाले मला! आणि हात गेला."

माझे वडील गेले तेव्हा माझी तिशीही सरली नव्हती. त्याच वर्षी एका लग्नात लोकांनी डोकं माझ्यापुढे ठेवलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या सुरीकडे बघून मी असा रडलो, की पंगत जेवायची थांबली. मला ती नको होती. आणि या बिचाऱ्याला हवी आहे, तर मधे मी आडवा! धडधाकट! दात शाबूत! बस, दोन अक्षरं, आणि त्यांच्यापायी माझं पोर साठीला आलं तरी पोरच राहिलं...

तेवढ्यात मेंढीचं डोकं आलं. अर्थात माझ्यापुढे. अंगणात सगळ्यांत म्हातारा मी, आणि मयत पण मीच, दुहेरी मान! तोक्तार माझ्याकडे बघतोय, दुइसेन बघतोय, सगळे बघतायत. वाटलं, द्यावी सुरी त्याच्या हातात, होऊ दे त्याच्या मनासारखं. सुरी उचललीसुद्धा. पण दिली आणि उद्या पुन्हा अख्खी गल्ली रडत आली तर? आणखी एक मेंढी? म्हणून मग मी कान कापला. आणि तोक्तारला दिला.

पोरांना देतात तो कान हो! टक्कल पडलेला, नात्यात सासरा होऊ घातलेला माणूस. सगळं अंगण हसायला लागलं. तोही हसला, डोळे पुसले, आणि दोन्ही हातांनी घेऊन खाल्ला. करकर आवाज आला. म्हणाला, "बाबा, मीठ कमी आहे." मी म्हटलं, "ऐकायला मीठ लागत नाही."

झालं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण जेवण झाल्यावर दुइसेन खाकरला. म्हणाला, "ओरिनबाय, ही माणसं लांबून आली आहेत. पुन्हा येणं कुणाला जमेल न जमेल. दुवा मागायची तर आत्ताच मागून टाकू का? म्हणजे तू मोकळा, आम्ही मोकळे." आणि कुणी 'छे छे' म्हणेल? सगळे म्हणाले, "हो हो, सोयीचं आहे!" पसरले हात. त्यानं माझी सगळी पापं मोठ्यानं माफ करून घेतली, काही तर मलाही माहीत नव्हती! मी सानोबरकडे बघितलं. म्हटलं, आता तरी म्हण तुझा तो शब्द, थांबव यांना! रोज म्हणतेस ना! तर ही बाई हात पसरून सगळ्यांत मोठ्यानं आमीन म्हणतेय! मग काय करतो? मीही हात पसरले. म्हटलं आमीन. स्वतःसाठी.

तेव्हापासून तोक्तार रोज सकाळी येतो. फार सुधारलाय हो. कान चांगलाच लागू पडला. दारातूनच हाक मारतो, "बाबा, तब्येत कशी आहे?"

पूर्वीही असंच विचारायचा. तेव्हा बरं वाटायचं.

आता मी आधी त्याच्या हातात सुरी नाही ना ते बघतो, मग म्हणतो, "बरी आहे रे..." आणि त्याच्यासाठी जरा खोकतो.