नजीरभाई लाल पट्ट्यात का जात नाहीत

आणि वर डरपोक म्हणतात हो त्यांना! कोण म्हणतं? सख्खा पुतण्या म्हणतो, धुळ्याचा शेहजाद, चोवीस वर्षांचा, स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो आणि फोनवर ओरडतो, 'चाचा, तुम डरते हो!' अरे, ज्या माणसानं तीस वर्षं कापूस पिंजायच्या मशीनच्या दातांपाशी हात घातला आणि दहाची दहा बोटं शाबूत ठेवली, तो घाबरतो? तुम्हाला सांगतो, मला इतका राग येतो ना... पण मी पडलो शेजारी. दोंडाईच्यात स्टेशनच्या रस्त्याला नजीरभाईंचं गादीचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं. शेजाऱ्यानं रागवायचं तरी किती?

तर झालं असं... थांबा, आधी दुपार सांगतो, त्याशिवाय काही कळायचं नाही. आमच्याकडं एक ते चार गाव झोपतं. कुत्रं सावलीतून हलत नाही, गिऱ्हाईक कुठून हलणार? नजीरभाई शटर अर्धं खाली ओढतात, खालून उन्हाची एक पट्टी आत येते, आणि सकाळभर पिंजलेल्या कापसाची बारीक लव त्या पट्टीत तरंगत असते. वर जाते, खाली येते, कुठं जायचं नाही, कुठून यायचं नाही... आणि त्या कापसाच्या ढिगाला पाठ टेकून नजीरभाई कॉम्प्युटरपुढं बसलेले. त्यांची महेक लग्न होऊन जळगावला गेली, कॉम्प्युटर इथंच राहिला. जाताना म्हणाली, 'अब्बू, दुपारी नुसते पडून राहता, हे बघा, अंतराळाचा खेळ आहे, जहाज चालवायचं, दगड फोडायचे, त्यातून निघेल त्या धातूनं जहाजं बांधायची.' आणि ह्यांना ते आवडलं हो! दोन वर्षं झाली! जहाजाचं नाव काय ठेवलं? रूई, म्हणजे कापूस!

मी कधी कधी जाऊन बसायचो. काळंभोर आभाळ, त्यात हे एवढाले दगड हळूहळू फिरतायत, नजीरभाईंच्या जहाजातून उजेडाची एक रेघ निघते, दगडाला लागते, दगड विरघळतो, आवाज नाही, धूळ नाही, घाई नाही. पडदा कुठं संपला आणि दुकान कुठं सुरू झालं, कळायचं नाही. इथंही लव तरंगतेय, तिथंही तरंगतंय काहीतरी. मी तर दोनदा बसल्या बसल्या झोपलो. त्यांनी उठवलं नाही, उशी दिली.

आता भानगड अशी, की त्या आभाळात दोन पट्टे. हिरव्या पट्ट्यात कुणी कुणाला हात लावायचा नाही, लावला तर खेळातले पोलीस येतात. आणि लाल पट्टा? तिथं कुणीही कुणालाही उडवावं! खेळणारी सगळी जिवंत माणसं, आणि एकदा जहाज फुटलं की गेलं. वर्षाची मेहनत असो, दोन वर्षांची असो, गेलं! शेहजादनं धुळे-जळगावच्या चाळीस जणांची टोळी केलेली, नाव खान्देश मंडळ. त्यात सावद्याचा एक केळीवाला, जळगावच्या दोन शिक्षिका, असे सगळे. आणि सगळ्यांचा एकच धोशा, 'चाचा, असली मजा लाल पट्ट्यात आहे!'

नजीरभाई काय म्हणायचे माहितीय? कानाला लावलेलं ते हेडफोन जरा बाजूला करून शांतपणे म्हणायचे, 'बेटा, भांडायलाच जायचं तर इतक्या लांब कशाला जायचं?'

खोटं आहे का सांगा! सकाळी नळावर भांडण. दहा वाजता गिऱ्हाईक येतं, 'माझा कापूस जास्त होता, तुम्ही कमी भरला.' अकराला कुणीतरी दुकानापुढं मोटरसायकल आडवी लावतं. बाराला हसीनाबी, म्हणजे आमच्या भाभी, घरून फोन करून विचारतात, नळ गळतोय तो कधी बघणार? एवढं सगळं पार पाडून माणूस दुपारी आभाळात जातो, आणि तिथं कुणी म्हणावं, ये, मार! भांडायलाच जायचं तर इतक्या लांब कशाला?

पण एक ढग होता हो. निळा. आणि तो नेमका लाल पट्ट्यात! महेकनं त्याचा फोटो पाठवला होता. नजीरभाईंनी तो मला दाखवला, म्हणाले, 'किरणभाऊ, धुनकलेल्या कापसाला कुणी निळीच्या पाण्यात बुडवलंय बघा.' मी म्हटलं, बघितला ना, झालं! तर म्हणाले, 'फोटोत गादी बघून झोप लागते का?'

दीड वर्षं तो ढग त्यांच्या मनात तरंगत राहिला. कापूस भरता भरता मधेच हात थांबायचा, नजर वर. शेवटी शेहजादनं पैज जिंकल्यासारखं सांगितलं, 'चाचा, वरातीसारखं नेतो तुम्हाला! चाळीस जहाजं आजूबाजूला, मधे तुम्ही नवरदेव! फक्त एक बंदूक बसवा, रिकाम्या हातानं नको.' बसवली. नाइलाजानं बसवली. रविवारची दुपार ठरली, मी माझं शटर ओढलं आणि जाऊन बसलो कापसावर, त्यांच्या हेडफोनला कान लावून.

काय निघाली हो वरात! चाळीस दिवे आभाळात. हिरवा पट्टा संपला तशी पडद्याची कड लाल झाली, पाटी आली, इथून पुढं तुमचं तुम्ही. नजीरभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, मी माझ्या देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू? आणि पुढं... पुढं एक निळी कड दिसायला लागली. अगदी बारीक. पहाटे उजाडायच्या आधी असते ना, तेवढी. नजीरभाईंचा श्वास थांबला, मला ऐकू आलं तो थांबलेला!

तेवढ्यात मागं दगडाआडून एक जहाज आलं. एकटंच. शेहजाद किंचाळला, 'चाचा, पीछे! पीछे! मारो!' आणि नजीरभाईंचं बोट... दहाही बोटं शाबूत ठेवणारा माणूस, त्याचं एक बोट दबलं.

आवाज नाही झाला. एक पांढरं फूल उमललं आणि विझलं.

आणि कानात नुसता जल्लोष! 'चाचानं शिकार केली! चाचा शेर!' सावद्याचा केळीवाला शिट्ट्या वाजवतोय, शिक्षिका टाळ्या वाजवतायत... आणि त्या सगळ्याच्या मधून एक बारीक आवाज आला, बाईचा. 'हाई काय करं काका? मी आपलीच शे ना, साक्रीनी रेशमा...' शिट्ट्या थांबल्या. मग तीच म्हणाली, 'बठ्ठं गयं ना काका.' सगळं गेलं म्हणे!

ही रेशमा मंडळातलीच, साक्रीला टायपिंगचा क्लास चालवते. गाव तिकडं वर, डोंगरात. दोन बॅचच्या मधे अर्धा तास मिळतो, त्या अर्ध्या अर्ध्या तासांतून दीड वर्षात तिनं जहाज बांधलं, नाव ठेवलं मोहफूल. लाल पट्ट्यात कधी गेलेली नाही! त्या दिवशी क्लासमुळं उशीर झाला म्हणून मागून येत होती बिचारी, वरात गाठायला.

नजीरभाईंनी तिथल्या तिथं जहाज फिरवलं. ढगाकडं मान वर केली नाही. एकटे परत आले, आणि गंमत बघा, वाटेत कुणी मारलं नाही. हेडफोन काढून कापसावर ठेवलं, जसं काही झोपलेलं मूल ठेवतायत. पाणी दिलं मी. पेला रिकामा करून म्हणाले, 'किरणभाऊ, मी चाललोय म्हणून ती आली. तिला वाटलं, नजीरकाका आहेत म्हणजे काळजी नाही.'

आणि मंडळानं काय केलं? नजीरभाईंचा फोटो घेतला, त्याला मिशा काढल्या, हातात बंदूक दिली, खाली लिहिलं 'शिकारी चाचा', आणि फिरवला चाळीस जणांत! मारलं तर शेर, नाही मारलं तर डरपोक, आणि रडावंसं वाटलं तर त्याला खेळात जागाच नाही. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला कळलं, ते आधी का जात नव्हते. मरायला नव्हते हो घाबरत...

मग सुरू झाले दगड. चार महिने! रोज एक ते चार! मोहफूलला काय काय लागत होतं ते शेहजादकडून लिहून घेतलं आणि माणूस दगडामागून दगड फोडतोय. गिऱ्हाईक चारपर्यंत थांबायला तयार नाही आणि हे चारच्या आधी उठायला तयार नाहीत. हसीनाबी डबा घेऊन आल्या, पडद्याकडं बघितलं, मला म्हणाल्या, 'किरणभाऊ, घरातला नळ गळतोय चार महिने, आणि हे आभाळात परक्या पोरीला जहाज बांधून देतायत!' मग खाली बसल्या, पाच मिनिटं तरंगते दगड बघितले, आणि पदर डोक्यावर घेऊन तिथंच कापसाला टेकून झोपल्या. नजीरभाईंनी उशी दिली.

जहाज झालं. हिरव्या पट्ट्यात जहाजं थांबवायचा मोठा तळ आहे, तिथं रेशमा आली, नवख्यांना फुकट मिळतं तसल्या टिचभर जहाजातून. नजीरभाईंनी नवं मोहफूल तिच्या नावावर केलं. मी परत हेडफोनला कान लावला. ती म्हणाली, 'काका, मी रागावले नव्हते असं नाही. दोन दिवस नीट जेवले नाही. पण इतके दगड कशाला फोडले?' हे म्हणाले, 'बेटा, भांडायलाच जायचं तर इतक्या लांब कशाला, असं मीच म्हणायचो. आणि इतक्या लांब जाऊन मीच...'

ती म्हणाली, 'काका, ढग तरी दिसला ना तुम्हाला?'

'नाही बेटा,' हे म्हणाले. कुठं दिसला?

'माले दिसला,' ती म्हणाली. 'तुम्ही बोट दाबलं ना, त्याच्या आधी. दोन सेकंद.' आणि सांगायला लागली. नजीरभाईंनी डोळे मिटले. ती म्हणाली, पहाटे आमच्या डोंगरावरून खाली बघितलं की धुकं असतं, गावं दिसत नाहीत, नुसतं कोंबड्याचं आरवणं वर येतं, तसा आहे तो. निळा. कडेला जांभळा, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा. आणि मधोमध काका, मधोमध...

आणि तेवढ्यात माझ्या दुकानातून हाक! 'ओ किरणभाऊ, आधारची झेरॉक्स! दोन्ही बाजू!' आता जायला नको? गेलो! परत येईपर्यंत ती निघून गेलेली. नजीरभाई डोळे मिटून बसलेले, चेहरा असा काही... आणि फोनवर शेहजाद सुरूच, 'चाचा, उद्या चला! सत्तर जहाजं आणतो, बंदूक पण काढून टाका, ढग बघूनच येऊ!'

'नको बेटा,' नजीरभाई म्हणाले. 'ऐकला मी.'

'ऐकला? चाचा, ढग कुणी ऐकतं का?'

ह्यांनी फोन ठेवला, शटर वर केलं. मी जवळ गेलो, हळूच विचारलं, नजीरभाई, मधोमध काय होतं हो? तर माझ्याकडं बघून हसले, आणि काय म्हणाले? 'ते सांगून कसं कळेल, किरणभाऊ? ते जाऊन बघायला पाहिजे.'

आता तुम्हीच सांगा, ह्या वयात, दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढता काढता, मी कुठून आणू जहाज?