सासूबाईंच्या बाजूची काच

...हसा, हसा, तुमचं काय जातंय! गाडीच्या काचेला स्वतःच्या हाताने फिल्म लावलीय कधी? नाही ना? मी लावली. चहा प्यालो, बाह्या सरसावल्या आणि बायकोला म्हणालो, ह्यात काय आहे? पाणी मारायचं, चिकटवायचं, झालं! तुम्हाला सांगतो, 'ह्यात काय आहे' असं आयुष्यात म्हणू नये माणसाने.

आणि हौस नव्हती हो ती. आमच्या सासूबाईंना ऊन सोसत नाही. दहा मिनिटं हातावर पडलं की लालभडक चट्टे, मग आठवडाभर आग. डॉक्टरांनी बजावलेलं, उन्हाची किरणं अंगावर नकोत. आणि इकडे मेहुणीला मुलगी झालेली, सहा तासांच्या वाटेवर! म्हातारी रोज फोनवर नातीचं रडणं ऐकणार आणि फोन ठेवून स्वतः रडणार. बघवेना मला. म्हणून ही फिल्म. काळी नव्हे हं, बिनरंगी. उजेड आत, उन्हाचा जाच बाहेर. म्हटलं, रविवारी तुम्हाला नातीपाशी पोचवतो. शब्द दिला!

लावली मी फिल्म. काय लावली! इथे फुगा, तिथे फुगा, कडेला सुरकुत्या, मधोमध कचरा. मोठ्या थाटात सासूबाईंना मागे बसवलं. त्यांनी काचेतून पाहिलं, डोळे बारीक केले आणि हळूच विचारलं, "जावईबापू, बाहेर पाऊस पडतोय का?"

बायकोने आधी काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. तिने फक्त फिल्मवाल्याचा पत्ता हातात ठेवला.

गेलो. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस. म्हटलं, हा काय करणार? मी दारात पाय टाकतोय तोच, "थांबा." का? तर माझ्या अंगात लोकरीचा स्वेटर. लव उडते म्हणे! त्याची फरशी ओली, धूळ उठू नये म्हणून. पंखा बंद. अंगात गुळगुळीत शर्ट, एक धागा सुटेल तर शपथ. मी मुकाट्याने स्वेटर बाहेर काढून ठेवला. एवढ्या थंडीत!

मग सासूबाईंची, नातीची सगळी कहाणी ऐकून घेत त्याने माझी काच पाहिली. अहो, ज्योतिषी हात बघतो तशी पाहिली.

"लावताना पंखा चालू होता?"

होता.

"टॉवेल पिवळा होता ना?"

पिवळाच होता!

"घरात मांजर आहे. करडं."

आता मांजर काचेत कुठून आलं? तर आलं होतं, केसाच्या रूपाने! तुम्हाला सांगतो, मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, 'ह्यात काय आहे' असं आयुष्यात म्हणू नये माणसाने.

आणि त्याचं काम... अरे काय काम! माझी फिल्म वाफ देऊन अलगद सोडवली. गोंद खरवडला. काच धुतली. परत धुतली. म्हटलं, स्वच्छ झाली की! तर म्हणतो, धूळ काचेवर नसते साहेब, खाली रबरात लपते, आणि पाणी मारलं की ऐनवेळी वर येते. मग ते रबर धुतलं. काच बोटभर खाली घेऊन तिची वरची कड पुसली. मी ती कड जन्मात पाहिली नव्हती! मग हात ओले, काच ओली, फिल्म ओली. फिल्मच्या पाठीचा कागद सोलतोय आणि पाणी फवारतोय, सोलतोय आणि फवारतोय... फिल्म काचेवर टेकवली, बोटाने सरकवली आणि मधून कडेकडे रबरी पट्टी ओढली. सर्रकन्! पाणी बाहेर. फुगा? एक नाही. सुरकुती? नावाला नाही. मी श्वास रोखून उभा.

आणि तो थांबला. वाकला. मान तिरकी केली. आत एक केस! मांजराचा नव्हे हो... माझा! डोक्यावर मोजून अकरा उरलेत, त्यातला एक नेमका तिथे जाऊन पडला. कोपऱ्यात, एवढुस्सा. मी म्हटलं, राहू द्या हो, कोणाला दिसणार?

तो शांतपणे म्हणाला, "आजी सहा तास ह्याच काचेकडे बघणार आहेत."

आणि अख्खी फिल्म ओढून काढली, फेकली आणि पुन्हा पहिल्यापासून काच धुवायला घेतली. तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. माझी सासू, माझा शब्द, माझा केस... आणि जीव टाकतोय कोण, तर हा! मी आपणहून बाहेर जाऊन बसलो, डोक्याला पिशवी बांधून.

रविवारी निघालो. सहा तास लख्ख ऊन, नेमकं सासूबाईंच्याच बाजूला. मी आरशातून सारखा त्यांचे हात बघतोय. पोचलो. एक चट्टा नाही! त्या हातांनी त्यांनी नात उचलली, छातीशी धरली, आणि काय सांगू... आमची मेहुणी रडली, बायको रडली, मीसुद्धा जरा नाक पुसलं.

मग मला राहवेना. कौतुकाची हाव, दुसरं काय! म्हटलं, सासूबाई, काच कशी वाटली?

त्या म्हणाल्या, "कुठली काच? तुम्ही काढूनच टाकलीत ना ती फिल्म? राहू दे हो. ऊन काही फार नव्हतं आज."

मी म्हटलं, अहो लावलीय! नवीन लावलीय!

त्यांनी नातीवरून नजर न हलवता मला समजावलं, "नाही हो जावईबापू. तुम्ही लावली होती, ती दिसत होती."

मी फिल्मवाल्याला फोन करून शब्दन् शब्द सांगितला. त्याने सासूबाईंचं वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग इतक्या समाधानाने म्हणाला, "मग बसली म्हणायची!" त्याला आयुष्याचं बक्षीस मिळालं. आणि मी? एखादा फुगा ठेवून घ्यायला हवा होता हो... निदान जावयाने काहीतरी केलंय, एवढं तरी दिसलं असतं.